बेगडेवाडीला न थांबणारी गाडी

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड सोडते आणि पुढच्या स्टेशनावर क्षणभर टेकते. ते आमचे बेगडेवाडी. त्यापुढे घोरावाडी, मग तळेगाव. आमच्या स्टेशनाचे नाव लोकलने जाणारे सोडले तर फारसे कुणाला ठाऊक नाही, आणि लोकलने जाणाऱ्यांपैकीही पुष्कळांना ते खिडकीतून दिसणाऱ्या पाटीपुरतेच ठाऊक असते. लांबच्या गाड्या इथे थांबत नाहीत. सकाळी सव्वासातला पुणे सोडणारी डेक्कन क्वीन पावणेआठच्या सुमारास धूळ उडवत निघून जाते. लहानपणी आम्ही भावंडे रुळापासून जरा लांब उभे राहून तिला हात करायचो. आतून कुणी हात हलवला तर दिवसभर पुरायचे.

त्या गाडीत एके काळी दामोदर धर्मानंद कोसंबी बसलेले असत, हे मला फार उशिरा कळले. कोसंबी १९४६ पासून मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये गणिताचे प्राध्यापक होते आणि राहायला मात्र पुण्यात. जाणे-येणे डेक्कन क्वीनने. १९०७ साली गोव्यातल्या कोसबेन गावी जन्मलेला हा मुलगा अकराव्या वर्षी वडिलांबरोबर अमेरिकेला गेला, तिथल्या शाळेत शिकला, हार्वर्डची पदवी १९२९ साली उत्तम गुणांनी मिळवली आणि हिंदुस्थानात परतला. पीएच.डी. त्यांनी कधी केलीच नाही. बनारस, अलीगढ, मग फर्ग्युसन कॉलेज. गणित शिकवता शिकवता ते नाण्यांकडे वळले, नाण्यांवरून इतिहासाकडे, आणि इतिहासाच्या मागे लागून आमच्या मावळातल्या डोंगरांत पायपीट करू लागले. कार्ले, भाजे आणि आमच्या डोक्यावरची शेलारवाडीची लेणी, जिला सगळे घोरावडेश्वर म्हणून ओळखतात. तिथल्या एका शिलालेखात धेनुकाकट या गावाचे नाव आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवरही तेच नाव, आणि तिथे तर दान देणाऱ्यांत धेनुकाकटचे यवन आहेत. हे गाव कुठले, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. कोसंबी ते कार्ल्याच्याच आसपास शोधत होते.

कोसंबींची आठवण यंदाच्या जूनमध्ये निघाली ती माझ्या धाकट्या भावाच्या मुलीमुळे. मुलगी बावीस वर्षांची. पदवी झाली. लहानपणापासून महाशिवरात्रीच्या यात्रेला घोरावडेश्वराचा डोंगर चढणारी. बाकीची पोरे खेळण्यांच्या दुकानाशी रेंगाळत, ही भिंतीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत बसे. तिला पुरातत्त्व शिकायचे आहे. तिच्यापुढे दोन कागद होते. एक पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा, एम.ए.च्या दोन वर्षांच्या प्रवेशाचा. दुसरा इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचा, एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा, सोबत फीमध्ये थोडी सवलत. ती सवलत वजा करून, राहणे-जेवणे, विमा, विमान असे सगळे धरून तिने स्वतःच मांडलेला हिशेब चौतीस लाखांवर आला होता.

"काका, तुम्ही बँकेत होतात. तुम्ही सांगा," असे म्हणून तिने दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले.

निवृत्त बँक अधिकाऱ्याला घरातले लोक दोनच प्रसंगी विचारतात. मुदत ठेवीचा दर आणि कर्ज. कादंबऱ्यांबद्दल कुणी विचारत नाही, हे जाता जाता सांगून टाकतो.

शिकायला जायचे कुठे, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, भर सभेत उभे राहून याच प्रश्नाचे उत्तर दिले होते. अमेरिकेलाच का, इथे का नाही, असे लोक विचारत होते. वैद्यक शिकायची सोय इथे अपुरी आहे, जी आहे ती बाईमाणसाला नीट घेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यामागे चौदाव्या वर्षी झालेले आणि दहा दिवसांत गेलेले मूल होते. अंगावरचे दागिने विकून त्या बोटीत बसल्या. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी व्हायच्या आत, पुण्यात वारल्या. आम्हाला शाळेत हा धडा देताना शेवटचे वाक्य मास्तर फार हळू वाचत. पण सभेतले ते उत्तर मात्र त्यांनी कधी सांगितले नाही. 'मला जे शिकायचे ते इथे मिळत नाही' हे इतक्या स्पष्टपणे म्हणता येणारी माणसे तेव्हाही थोडी होती, आजही थोडीच आहेत.

आमच्या या लोकलच्या मार्गावरच आणखी दोन उदाहरणे आहेत. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना १९०८ साली उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैशांतून हा कारखाना निघाला. पण पैसे जमले म्हणून काच होत नाही. भट्टी लावायला, वाळू-सोड्याचे प्रमाण ठरवायला जाणकार माणूस हवा. तो मिळाला उत्तरेकडचा, ईश्वरदास वार्ष्णेय. जपानमध्ये आणि मग अमेरिकेतल्या एमआयटीत जाऊन काचेची विद्या शिकलेला. तो तळेगावला आला आणि नुसती काच करत बसला नाही, मुलांना काच करायला शिकवू लागला. कारखाना हीच शाळा होती. इथे तयार झालेली माणसे पुढे देशभरच्या काचकारखान्यांत गेली. आमच्या आजोबांच्या घरी तळेगावच्या काचेची एक बरणी होती, हिरवट झाक असलेली, तळाशी बुडबुडा राहिलेली. आजी तिच्यात मीठ ठेवी. एमआयटीची विद्या आमच्या घरात मिठाच्या बरणीपर्यंत येऊन पोचली होती असे म्हणायला हरकत नाही.

दुसरे उदाहरण देहूरोडचे. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. मूर्ती रंगूनहून आलेली. तळेगावला त्यांचा बंगलाही होता. परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की बाबासाहेबांचे नाव आपण घेतो, पण त्यांच्या शिक्षणाचा हिशेब मात्र बघत नाही. मला तो बघायची सवय आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात परत आल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. कोलंबियात १९१५ साली एम.ए. झाले, १९१६ साली लंडनला आले, आणि १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तके युद्धात समुद्राच्या तळाशी गेली. बडोद्याला नोकरीवर हजर झाले, तर राहायला कुणी जागा देईना. कोलंबियाची पदवी खिशात असलेल्या माणसाला कचेरीतला शिपाई कागद लांबून टाकत होता. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पै पै साठवली, शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार उसने घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. डी.एस्सी.चा प्रबंध कशावर लिहिला? रुपयावर. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. अपुऱ्या रुपयांत दोनदा समुद्र ओलांडलेल्या माणसाने रुपयाच्याच मूल्यावर प्रबंध लिहावा, हे मी बँकेच्या प्रशिक्षण वर्गात नव्या मुलांना मुद्दाम सांगत असे.

हे सगळे पुतणीला सांगितले. तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "काका, आंबेडकरांना महाराजांनी पैसे दिले. मला बाबा देणारेत."

तिथे मी गप्प झालो. कारण त्या वाक्याशी माझी जुनी ओळख आहे.

२००१ साली इंडियन बँक्स असोसिएशनने शैक्षणिक कर्जाची नमुना योजना आणली. देशात शिकायला साडेसात लाखांपर्यंत, परदेशात पंधरा लाखांपर्यंत. पुढे ही मर्यादा दहा आणि वीस लाख झाली, आणि आता तर चांगल्या विद्यापीठाचा प्रवेश असेल तर बँका त्याच्याही पुष्कळ पुढे जातात. त्याआधी परदेशी शिक्षण म्हणजे श्रीमंताचा मुलगा किंवा असामान्य हुशार मुलगा. योजना आल्यावर मधला माणूस काउंटरशी येऊन उभा राहिला. मला त्याचा आनंद झाला होता. खोटे कशाला सांगू?

२००४ साली मी मावळातल्याच एका शाखेत व्यवस्थापक होतो. एका कारखान्यात स्टोअरकीपर असलेले गृहस्थ मुलाला घेऊन आले. परदेशातल्या एका कॉलेजात दोन वर्षांचा अभ्यासक्रम, कर्ज दहा लाखांचे. कॉलेजचे माहितीपत्रक इतके गुळगुळीत होते की टेबलावरून घसरत होते. हिरवळ, घड्याळाचा मनोरा, हसणारी मुले. तारण म्हणून राहते घर. कागद चोख होते. मी शिफारस केली आणि मंजुरी आणली.

अर्जात विद्यापीठाचे नाव विचारलेले होते, फी विचारलेली होती, तारणाचे मूल्यांकन, वडिलांचा पगार, विम्याची पॉलिसी सगळे होते. या मुलाला तिथे जाऊन काय शिकायचे आहे, असा रकाना नव्हता. मीही विचारले नाही.

आकडा एकदा डोळ्यांपुढे मांडतो, कारण घरोघरी हा हिशेब चुकतो. दहा लाख दोन हप्त्यांत दिले, व्याज अकरा टक्के. शिक्षणाची दोन वर्षे आणि वर एक वर्ष सवलतीचे. या तीन वर्षांत हप्ता नाही म्हणून माणूस निर्धास्त असतो, पण व्याज थांबलेले नसते. पहिल्या पाच लाखांवर तीन वर्षांचे १ लाख ६५ हजार, दुसऱ्या पाच लाखांवर दोन वर्षांचे १ लाख १० हजार. म्हणजे फेडायला सुरुवात होते तेव्हा कर्ज दहा लाखांचे राहिलेले नसते, पावणेतेरा लाखांचे झालेले असते. ते सात वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे २१,८०० रुपये. मुलगा २००७ साली परत आला, तिथे नोकरी नाही आणि इथे त्या पदवीला कुणी ओळखत नाही अशा अवस्थेत. चाकणच्या बाजूला त्याला नोकरी लागली ती ११ हजारांची.

उरलेले वडिलांनी भरले. निवृत्त झाल्यावर ते तळेगावच्या एका सोसायटीत रखवालदार म्हणून उभे राहिले. २०१४ साली कर्ज फिटले तेव्हा माझी बदली कधीच झाली होती. ते माझा पत्ता शोधत घरी आले. हातात पेढ्यांचा पुडा आणि बँकेचा कर्ज फिटल्याचा दाखला. "साहेब, घर सुटलं," म्हणाले. मला दूषण देण्याचे त्यांच्या मनातही नव्हते. पेढा हातात धरून मी किती वेळ बसलो ते आठवत नाही.

तेव्हा पुतणीचे कागद पाहिल्यावर माझ्या हाताने आपोआप पेन्सिल उचलली. भावाजवळ साठवलेले बारा लाख. राहिलेले बावीस लाख कर्ज. शेतजमीन बँकेला तारण नको असते, कारण वेळ आली तर ती सहज ताब्यात घेता येत नाही. पण सोमाटणे फाट्याजवळ भावाचा तीन गुंठ्यांचा एन.ए. प्लॉट आहे, तो चालेल. साडेदहा टक्के दर, दोन वर्षे हप्ता नाही, मग दहा वर्षे महिना ३५,९०० रुपये. पुरातत्त्वातल्या नोकऱ्या किती असतात आणि त्यांना सुरुवातीला पगार काय मिळतो, ते त्या खात्यातल्या कुणालाही विचारावे.

तिथेच नोकरी करून फेडीन म्हणावे, तर ते दार आपल्या हातात नाही. इंग्लंडने शिक्षणानंतरचा दोन वर्षांचा कामाचा परवाना २०१२ साली बंद केला, २०२१ साली पुन्हा सुरू केला, आणि २०२५ साली तो अठरा महिन्यांवर आणायचे जाहीर केले. कॅनडाने २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा घातली. अमेरिकेने २०२५ च्या सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले. मुलगी विमानात बसते तेव्हाचा नियम ती पदवी घेते तेव्हा असेलच असे नाही, आणि कर्जाचा करार मात्र तोच असतो. उलट आता परदेशी विद्यापीठेच इकडे येऊ लागली आहेत. साउदॅम्प्टनने गुरुग्रामला वर्ग सुरू केले, आणि जून २०२५ मध्ये नवी मुंबईसाठी पाच विद्यापीठांना इरादापत्रे दिली गेली. पण ती व्यवस्थापन आणि संगणक शिकवणार. आमच्या मुलीला खापरे आणि शिलालेख हवेत.

आणि खापरांसाठी जगातले चांगले ठिकाण लोकल आणि बस धरून आमच्यापासून दीड-दोन तासांवर आहे. डेक्कन कॉलेजातला पुरातत्त्व विभाग हसमुख सांकलियांनी १९३९ पासून उभा केला. सांकलिया स्वतः लंडनला जाऊन पीएच.डी. झालेले, तिथे मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली उत्खनन शिकलेले. घोड नदीकाठचे इनामगाव याच विभागाने कित्येक वर्षे थर थर उलगडत खणले. दख्खनचा प्राचीन इतिहास शिकायचा तर परदेशी विद्यार्थी येरवड्याला येतात. नव्या प्रयोगशाळा, हाडांवरून आहार ओळखण्याचे शास्त्र, कालमापनाची यंत्रे यांत तिकडची विद्यापीठे पुढे आहेत, हेही खरे.

तर असा सगळा हिशेब घेऊन मी एका रविवारी भावाकडे गेलो. भाऊ, भावजय, मुलगी, कोपऱ्यात आमची आई. मी कागद पसरून समजावून सांगितले. अर्थात माझा कल कुठे होता ते स्पष्टच होते. भाऊ मान हलवत होता. त्याच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली, आणि सुटकेची लाजही.

भावजय पोहे घेऊन आली. बशा ठेवल्या आणि उभीच राहिली. "भाऊजी, एक विचारू? ते पेढे घेऊन आले होते, त्यांच्या मुलाचं कर्ज तुम्ही किती दिवसांत केलं होतंत?"

"अकरा दिवसांत."

"आणि हिचं गणित तीन आठवडे चाललंय. मुलगा असता तर प्लॉट एव्हाना गहाण पडला असता."

कुणी काही बोलले नाही. भावजय माहेरची वडगावची. बारावीला तालुक्यात वर आली होती. पुण्याला कॉलेजात रोज लोकलने जायचे म्हणजे मुलीची जात, कोण सोबत, म्हणून तिला घरी बसवली. हे मला लग्नापासून, म्हणजे अठ्ठावीस वर्षे, ठाऊक होते. ठाऊक असणे वेगळे. तिच्या दृष्टीने वडगाव ते पुणे आणि पुणे ते इंग्लंड यांत फरक फक्त गाडीभाड्याचा होता.

मी बचाव करायला तोंड उघडले आणि मिटले. त्या मुलाच्या वेळी मला जोखीम दिसली नव्हती आणि या मुलीच्या वेळी दिसत होती. मधल्या वर्षांत शहाणपण आले म्हणून, असे मला वाटत होते. तेवढेच कारण असेल असे मी आता छातीठोकपणे सांगणार नाही.

तेवढ्यात आई बोलली. ती हल्ली फारशी बोलत नाही. "तुझ्या वेळी पण कुणी कुणाला विचारलं नाही," म्हणाली.

हे मला लिहायचे नव्हते. १९८२ साली मलाही एक पत्र आले होते. अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून, संख्याशास्त्रासाठी. फी माफ, शिकवण्याच्या बदल्यात थोडा पगार. विमानाचे तिकीट आणि सुरुवातीचा खर्च आपला. त्याच महिन्यात बँकेची नेमणूक हातात पडली. वडील देहूरोडच्या डेपोत कामाला. रात्री जेवताना मी पत्राचे सांगितले. ते म्हणाले, "तुझं तू बघ." मी त्याचा अर्थ 'नको' असा घेतला आणि बँकेत रुजू झालो. चौदा वर्षांनी, वडील गेल्यानंतर, आईच्या बोलण्यात सहज आले की त्याच आठवड्यात ते कचेरीत प्रॉव्हिडंट फंडातून किती उचल मिळेल याची चौकशी करून आले होते. मी नोकरीचे पेढे आणले, तेव्हा त्यांनी तो विषय मनातच ठेवला. बाकी माझे काही वाईट झाले नाही. नोकरी झाली, पुस्तके झाली. ते पत्र मात्र अजून ट्रंकेत आहे.

मी भावाला म्हणालो, "तू किती देऊ शकतोस ते तिला तुझ्या तोंडाने सांग. माझ्या कागदावरून नको."

भाऊ बराच वेळ पोह्यांतले दाणे बाजूला करत राहिला. मग मुलीकडे बघून म्हणाला, "बारा लाख आहेत. ते तुझेच आहेत. प्लॉट पण देईन. पण दादा, नोकरी माझी पाचच वर्षं राहिलीये, आणि त्यापुढे हप्ता कसा भरायचा ते मला कळत नाही. ते सांगायची लाज वाटत होती."

मुलीने हे पहिल्यांदाच ऐकले. बाबा देणारेत, एवढेच तिला ठाऊक होते. किती, कुठून आणि कधीपर्यंत, हे घरात कुणी बोललेच नव्हते. ती उठून बाहेर गेली. आम्ही समजलो, रडायला गेली. तर ती ओट्यावर उभी राहून डोंगराकडे बघत होती.

संध्याकाळी मला घरी सोडायला ती चालत आली. वाटेत म्हणाली, "काका, आईला वाटतं मी घाबरून राहतेय. तसं नाहीये. मला जे वाचायचंय ते दगड इथं आहेत. ब्राह्मी नीट येत नसताना तिकडे जाऊन मी करू काय? तिकडचं शिकायचंय ते हाडांचं आणि मातीचं. ते नंतर. पण ते नंतर खरंच व्हायला पाहिजे, नुसतं म्हणण्यापुरतं नको."

मी म्हणालो, "हे आईला सांग."

तिने सांगितले. भावजय दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने नवऱ्यापुढे अट घातली, तीही मला बोलावून, साक्षीदार म्हणून. बारा लाख मुलीच्या नावाने ठेवायचे. आणि सोमाटण्याचा प्लॉट तिच्या लग्नासाठी विकायचा नाही की गहाण टाकायचा नाही, पुढे पीएच.डी.ला जायचे ठरले, शिष्यवृत्ती मिळाली आणि वर काही कमी पडले, तर त्यासाठीच तो काढायचा. "लग्नाला कर्ज काढताना कुणी तीन आठवडे गणित करत नाही," म्हणाली. भावाने मान डोलावली. मीही.

डेक्कन कॉलेजची फी भरली. इंग्लंडच्या विद्यापीठाला तिने जागा वर्षभर राखून ठेवाल का असे विचारले; त्यांनी जागा राखू, सवलत राखता येणार नाही असे कळवले. तिने आभार मानून नकार पाठवला. तो पाठवताना तिचा चेहरा पडलेला होता, आणि तो पडलेला चेहरा मी तिला दिलेल्या कुठल्याच आकड्यात धरलेला नव्हता.

मग आम्ही चौघे बँकेत गेलो. माझी जुनी बँक नव्हे, दुसरीच. काउंटरवरची मुलगी पुतणीएवढीच. तिने ठेवीचा अर्ज पुढे सरकवला. नाव, पत्ता, वारस. वारसाच्या रकान्यात पुतणीने आईचे नाव लिहिले. भावजय चष्मा काढून ते वाचत राहिली.

"मुदत किती?" काउंटरवरच्या मुलीने विचारले.

भावाने माझ्याकडे पाहिले, मी भावाकडे.

"दोन वर्षं," पुतणी म्हणाली.